चौथ्याचा ठोका

मामाने इंजिनाच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.
"आता दिसतोय का कुठे?" म्हणाला.

सत्त्याण्णवची शेव्ही पिकअप, कडेने गंजलेली,
हौद्यात पिन्यनचं जळण, एक उसवलेलं खोगीर,
आणि चढ लागला की म्हाताऱ्या खेचराला उचकी लागावी
तसं हिसके देणारं बॉनेट.

मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करते, लास व्हेगासला.
जुगाराचं ते नव्हे. आमचं, न्यू मेक्सिकोतलं, झोपाळू.
रविवारी चाळीस मैल वर आले, पेटी घेऊन.

स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी, स्कॅनरची वायर खोचली.
पडद्यावर आलं: पी शून्य तीन शून्य चार.
चौथा सिलिंडर ठोका चुकवतोय.
"सात तर चालतायत ना," मामा म्हणाला.
आठातले सात! तो आठ भावंडांतला,
त्यांच्यात इतके एका वेळी कामाला लागलेले
त्याने कधी पाहिलेच नव्हते.

कोड म्हणजे निदान नव्हे.
शेजारीण कुंपणावरून सांगते,
तुमच्याकडे रात्री कुणीतरी रडत होतं.
कोण, कशासाठी, ते तिला काय ठाऊक.

म्हणून प्लग काढला. टोक तपकिरी, कोरडं, फट बरोबर.
चारचा सहात घातला, सहाचा चारात.
चूक जागची हलली नाही.
दाब मोजला: एकशे साठ, शेजाऱ्याइतकाच.
म्हणजे छातीत दोष नाही.

मामा पायरीवर बीन्स निवडत बसलेला.
"मला तर काहीच ऐकू येत नाही," म्हणाला.
ते खरंच होतं. त्याचं श्रवणयंत्र
जानेवारीत हरवलं, तो इस्पितळात जायच्या आठवड्यात,
आणि आळ तिघांवर होता: नर्स,
माझी बहीण फिलोमेना आणि फादर ऑर्लिन.

तरी उठला. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
टक टक टक, तो बोटाने हवेत मोजत होता, टक,
आणि मग बोट नुसतंच वर राहिलं.
"हा," म्हणाला. "पण दव पडलं की जास्त."

दव! हे माझ्या यंत्राने सांगितलं नव्हतं,
आणि दोन तास मीही त्याला विचारलं नव्हतं.

अंधाराची वाट पाहिली. बीन्स खाल्ले.
काच पुसायच्या बाटलीत नळाचं पाणी भरून
चालू इंजिनावर तुषार मारला,
आणि चौथ्याच्या वायरीतून, डिस्ट्रिब्युटरपासून वीतभरावर,
निळा धागा बाहेर पडला. बारीक, घाईचा.
जायचं तिथे न जाता
दर फेरीला जवळच्याच लोखंडाला बिलगत होता.
इंजिन बंद करायला हवं होतं.
आम्ही दोघं पाहत राहिलो. मामाने टोपी काढली होती,
का ते मी विचारलं नाही.

वायर सोडवायला हात घातला तर काटे टोचले.
चोया निवडुंगाचे. मॅनिफोल्डच्या मागे,
उबेला, रानउंदराचा संसार:
जुनिपरच्या काड्या, बाटलीची झाकणं, च्युइंगमची चांदी,
आणि त्यात शेंगदाण्याएवढं, गुलाबी,
दातांनी कुरतडलेलं श्रवणयंत्र.

मामाने ते तळहातावर घेतलं, उलटं केलं, फुंकर मारली.
"आता फादरला काय सांगू?"

नवी वायर सोमवारशिवाय मिळणार नव्हती.
मामा गाडीत चढला, दिव्यावरची काळी पट्टी
नखाने सोलून काढली आणि माझ्या हातात दिली.
मी ती कुरतडलेल्या जागी तीन वेढे घट्ट बसवली.
असल्या पट्टीवर बसवाल्यांनी मला काढूनच टाकलं असतं.

गाडी सुरू झाली. आठही, जवळजवळ.
दिवा मात्र पिवळा, उघडा, पेटलेलाच.
"हा का अजून?"
"त्याला अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.
"काय?" मामा म्हणाला.